बाप्यांच्या खोलीतली पोर

सकाळी दुधाची पिशवी दारात तशीच राहिली, म्हणून शेजारच्या नंदाताईंनी आत डोकावून पाहिलं, आणि लगेच मला फोन केला. "सुमनताई, अण्णा उठत नाहीयेत. तुम्ही या." एवढंच बोलल्या. दादर ते लालबाग अंतर ते किती, पण त्या दिवशी टॅक्सी जागची हलेना असं वाटत होतं. पोचले तर अण्णा भिंतीकडे तोंड करून निवांत झोपलेले. चष्मा नाकावर तसाच. नव्वदी कधीच ओलांडली होती, दुखणं नाही, दवाखाना नाही, कोणाला त्रास नाही. लोक म्हणाले, भाग्याचं मरण. असेलही. मला मात्र राग आला होता. मी परवा येणार होते आणि बोंबलाची चटणी आणणार होते, तेवढं थांबायला काय हरकत होती?

पुढचे काही दिवस माणसं भेटायला येत राहिली. आई कधी गेल्या, असं कोणीतरी विचारायचंच. मी रांगत होते तेव्हा, म्हटलं की समोरचा मनातल्या मनात हिशेब करायचा आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "मग तुम्हाला सांभाळलं कोणी? आजीनं? की वडिलांनी दुसरं लग्न केलं?" मी म्हणायची, "बाप्यांनी." आमच्याकडे पुरुषमाणसाला बाप्या म्हणतात. समोरच्याला वाटायचं, बाई दुःखानं भरकटली. एकेकाला किती सांगत बसणार, म्हणून आता लिहूनच टाकते.

आई तापानं गेली तेव्हा अण्णा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे विणकर; मागाला तिथं साचा म्हणत. वय पंचविशीचं. गिरणगावात अशा वेळी काय करायचं हे कोणाला विचारावं लागत नसे. पोर गावी पाठवायचं. मुंबईत बाप राबणार, गावात पोर वाढणार आणि दोघांची भेट शिमग्याला. अर्धं लालबाग असंच वाढलेलं. अण्णाही तसेच वाढले होते, महाडच्या बाजूच्या एका वाडीत. त्यांचे वडीलही गिरणीतच. ते वर्षातून एकदा पेटी घेऊन गावी यायचे तेव्हा अण्णा त्यांना पाव्हणा समजायचे. माझ्या आजीला विचारायचे, "पाव्हणा कधी जाणार?" ही गोष्ट अण्णा हसत सांगायचे, पण दरवेळी सांगून झाल्यावर उठून पाणी प्यायला जायचे. आई गेल्यावर गावाहून आत्या मला न्यायला आली, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. "अक्का, ही मला पाव्हणा म्हनंल. ते नको." याउपर त्यांच्याकडे दुसरं कारण नव्हतं, आणि त्यांना ते पुरेसं होतं.

नाही म्हणणं सोपं होतं. गिरणीत जायचं तर पोर ठेवायची कुठे? आधी त्यांनी मला पलीकडच्या चाळीतल्या एका म्हातारीकडे ठेवलं. गिरणीतल्या बायकांची मुलं ती सांभाळायची, परवडण्यासारख्या पैशात. तिच्याकडे पोरं कधी रडत नाहीत असा तिचा लौकिक होता. एके दिवशी अण्णा लवकर आले तर मी डोळे अर्धवट मिटून पडलेली, हाक मारली तरी मान वळवेना. म्हातारी बोटाच्या टोकावर अफू लावून मुलांच्या तोंडात घालायची. अण्णांनी मला उचललं आणि पुन्हा त्या चाळीची पायरी चढले नाहीत. चांगली सांभाळणारी बाई मिळत होती, पण ती मागायची तेवढं दिलं असतं तर खोलीचं भाडं आणि खाणावळ दोन्ही बंद करावी लागली असती.

मग ते गिरणीच्या पाळणाघरात गेले. पाळणाघर होतं, चांगलं होतं, मुलांना दूध मिळायचं. पण ते बायका-कामगारांच्या मुलांसाठी. आया म्हणाली, पोराची आई कुठल्या खात्यात? आई नाही म्हटल्यावर तिनं त्यांना साहेबाकडे पाठवलं. साहेब भला माणूस होता, त्यानं अण्णांना बसायला सांगितलं, पण नियम त्याच्या हातात नव्हता. अण्णा म्हणाले, "साहेब, हिची आय असती तर मी इथं आलो असतो का?" साहेबानं चहा मागवला. अण्णा म्हणायचे, चहा फक्कड होता हो, पण पोर काय चहाच्या कपात ठेवू?

अण्णा राहायचे ती खोली गाववाल्यांची होती. आठ-नऊ बाप्ये, प्रत्येकाची एक पेटी, खिळ्याला एक सदरा. तीन पाळ्यांचे लोक असल्यामुळे खोलीत कोणीतरी कायम झोपलेलं आणि कोणीतरी कायम कामावर निघालेलं. त्या संध्याकाळी मला मांडीवर घेऊन अण्णा सगळ्यांसमोर बसले आणि म्हणाले, "पैसं देन्याची माझी ऐपत नाय. पन तुम्ही हिला बघा, मी तुमची कापडं धुतो. सगळ्यांची. दर रविवारी." कोणीतरी हसलं. पांडूकाका, म्हणजे अण्णांचे शेजारच्या साच्यावरचे दोस्त, म्हणाले, "शिरप्या, माझं धोतर बघितलंस का कधी? पोरीपेक्षा तेच जड जाईल तुला." आणि ठरलं.

त्या रविवारपासून माझे वडील चाळीच्या नळावर बसून आठ-नऊ बाप्यांचे कपडे धुवायला लागले. गिरणीच्या तेलानं आणि घामानं कडक झालेले कपडे. नळावर सगळ्या बायका. पुरुषानं स्वतःचे कपडे धुतले तरी चर्चा व्हायची तो काळ, हे तर दुसऱ्यांचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, एकदोघी टोमणे मारायच्या. अण्णा मान वर न करता आपटत राहायचे. पुढे त्यांच्या हाताला असं वळण लागलं की बायकाच विचारायला लागल्या, श्रीपतभाऊ, तेलाचा डाग कसा घालवता? मी मोठी होईपर्यंत हे चाललं. माझ्या लहानपणाची किंमत माझ्या बापानं अशी साबणानं फेडली, आणि तिचा उच्चार एकदाही माझ्यासमोर केला नाही. मला ते नळावरच्या बायकांनी सांगितलं.

बाप्यांनी मला सांभाळायचं कामही गिरणीच्या शिस्तीनं चालवलं, कारण दुसरी शिस्त त्यांना ठाऊकच नव्हती. पहिली पाळी, दुसरी पाळी. भोंगा झाला की एकानं मला दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. कोणी आजारी पडला तर बदली. गिरणीत बदली कामगार आल्याशिवाय साचा सोडून जायचं नाही, तसंच इथं. रातपाळी करून आलेल्याला दिवसा झोप आवरायची नाही, म्हणून पांडूकाकांनी युक्ती काढली. सुताचा लांब धागा घेऊन एक टोक माझ्या कमरेला आणि दुसरं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. मी दाराकडे गेले की अंगठा ओढला जायचा आणि काका झोपेतच ओरडायचे, "मागं फिर!" माझ्या रिबिनीला ते साचेवाल्याची गाठ मारायचे, ती सोडवायला कात्री लागायची. पहिली शिवी मी त्याच खोलीत शिकले, आणि ती चारचौघांत वापरल्यावर सगळ्या खोलीनं एकमेकांकडे बोट दाखवलं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली ते दिवस. चाळीच्या भिंतींवर चुन्यानं घोषणा लिहिलेल्या, आणि "झालाच पाहिजे" हे मी नीट बोलायला लागायच्या आधी म्हणायला शिकलेली. त्याच वर्षांत धम्मदीक्षेनंतर खोलीतल्या भिंतीवरचे देव उतरले आणि बुद्धाची तसबीर लागली. तेवढ्यात आत्या पुन्हा आली. या वेळी पिशवीत माझ्यासाठी नवा परकर घेऊन, म्हणजे पक्कं ठरवून. ती बोलायला फटकळ. "शिरप्या, पोरगी मोठी व्हायला लागली. बाप्यांच्या खोलीत वाढवतोस व्हय रं? उद्या काय झालं तर लोकं तुला नाय, मला विचारतील." अण्णा म्हणाले, चार दिवस राहा, बघ, मग बोल. आत्या शेजारच्या बाईकडे उतरली आणि बघायला लागली.

आणि नेमका बंद आला. गिरण्या बंद, दुकानं बंद, माणसं रस्त्यावर. अण्णा स्वयंसेवक म्हणून सकाळीच चौकात गेले, मला पांडूकाकांच्या ताब्यात देऊन. आत्या कोणा गाववालीला भेटायला गेली होती. दुपारच्या भोंग्याला दुसरा माणूस येणार, मग पांडूकाका मोर्चाला जाणार, असं ठरलेलं. पण गिरणीच बंद, तर भोंगा कुठला? आणि भोंगा झाला नाही म्हणून पाळी बदलली नाही. बाकीच्यांना वाटलं, गिरणी बंद म्हणजे आज आपली पाळीही बंद, पोर शिरप्याकडेच असणार. इतक्या दिवसांची शिस्त, आणि ती सगळी एका भोंग्यावर टांगलेली, हे तोवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पांडूकाका दारात येरझाऱ्या घालत राहिले. खालून घोषणा ऐकू येत होत्या, त्यांचे पाय शिवशिवत होते. शेवटी त्यांनी स्वतःपुरता निवाडा केला. बदली आल्याशिवाय साचा सोडायचा नाही हे खरं, पण साचा उचलून नेता येत असेल तर? त्यांनी मला पंच्यानं पाठीशी बांधलं आणि मोर्चात शिरले.

तो दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. पांडूकाकांच्या मानेचा वास, खूप टोप्या, आणि मग एकदम सगळे उलटे पळायला लागलेले. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला. काका मला घेऊन मसाला कुटायच्या एका डंकाच्या दुकानात घुसले, तिथल्या बाईनं मागून फळ्या लावून घेतल्या. बाहेर अश्रुधूर, आत मिरची. आम्ही सगळे शिंकत आणि रडत बसलेलो... आज हसू येतं. इकडे अण्णा चौकातून धावत खोलीवर आले तर खोली रिकामी आणि दारात आत्या. चौकात माणसं पडली असं कोणी सांगत होतं. आत्या पुढे आयुष्यभर सांगायची, शिरप्याच्या तोंडाकडं मला बघवेना गं, तो नुसता एकेका पेटीमागं वाकून बघत होता, जसं काय तू पेटीमागं लपली असशील.

दिवेलागणीला आम्ही परत आलो. मिरचीनं लाल झालेले दोघं. सगळे बाप्ये दाराशी गोळा झालेले. पांडूकाका अण्णांच्या पायाशी बसले. "शिरप्या, बदली आलाच नाय रे. सोडली नाय मी तिला. संगं घेऊन गेलो." अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आत्या पुढे झाली. "बास झालं. उद्या मी हिला घेऊन जाते. ये गं बाय." आणि तिनं हात पसरले. मला काकांनी दारातच पंचा सोडून खाली ठेवलं होतं. मध्ये आत्या, तिच्या हातात नवा परकर, आणि मागे कोपऱ्यात अण्णा. मी आत्याच्या बाजूनं वळसा घालून पळाले आणि अण्णांच्या पायांना मिठी मारली. त्यांच्या धोतरात तोंड खुपसून मी म्हणाले म्हणे, "अण्णा, तू कुठं गेलतास?"

आत्याचे पसरलेले हात तसेच राहिले. मग ती खाली बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "शिरप्या, आपला बा यायचा तवा आपन दोघं दाराआड लपायचो. आठवतं का रं?" अण्णांनी मान हलवली. "ही लपली नाय," आत्या म्हणाली. एवढंच. त्यानंतर मला गावी न्यायचा विषय तिनं काढला नाही. आठवडाभर राहिली, बाप्यांना वेणी घालायला शिकवली, सगळ्यांना एकेकदा झापलं, आणि परकर मला नेसवून एकटीच बोटीनं गेली. खोलीत बंदच्या दुसऱ्याच दिवशी कायदा झाला होता, भोंगा होवो न होवो, पोर हातातून हातात द्यायची.

मी त्या खोलीतून शाळेत गेले, नर्सिंगला गेले, लग्न होऊन दादरला गेले. बाप्ये एकेक करून निवृत्त झाले, गावी गेले, गिरण्या बंद पडल्या तेव्हा उरलेलेही गेले. पांडूकाका शेवटपर्यंत मला भेटले की आधी कमरेकडे बघायचे, धागा आहे का म्हणून. खोली अण्णांच्या नावावर राहिली. मी हॉस्पिटलात पाळ्या केल्या तेव्हा माझी दोन्ही मुलं अण्णांनी त्याच खोलीत वाढवली, आणि कपडे मात्र मला धुवू दिले नाहीत. माझ्यासारख्या किती पोरींना त्या काळात असा बाप मिळाला असेल, मला माहीत नाही. मला मिळाला, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

परवा सामान आवरायला म्हणून मी पुन्हा लालबागला गेले. जिना चढून दाराशी आले आणि सवयीनं हाक मारली, "अण्णा..." मग लक्षात आलं. नंदाताई बाहेर आल्या, त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. मी कुलपात घातली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली, उघडेना. सत्तरी ओलांडलेली बाई मी, जन्मभर या दारातून आत-बाहेर केलं, पण हे कुलूप कसं उघडतात ते मला माहीतच नव्हतं. कधी वेळच आली नव्हती. मी येईन तेव्हा आत कोणीतरी होतंच. शेवटी नंदाताईंनी माझ्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडून दिलं.