चाळिशीत फ्रान्सला शिकायला गेले आणि मान डोलावून आले

ब्रिटिश पासपोर्टवाल्या माझ्या शेजारणीने गुरुवारी फ्रान्सला जायचं ठरवलं आणि शनिवारी ती तिथे क्रोसाँ खात होती. आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना जुलैत जायचं तर मार्चपासून कंबर कसावी लागते. बँकेचे कागद, नवऱ्याच्या नोकरीचं पत्र, युनिव्हर्सिटीचं पत्र, राहायच्या जागेचं पत्र, वर बोटांचे ठसे द्यायची अपॉइंटमेंट. तुम्ही इथून, लंडनहून, उन्हाळी कोर्सला जाणार असाल तर आधी ती अपॉइंटमेंट पकडा, बाकीचं नंतर.

मी का गेले ते सांगते. पुण्यात बारा वर्षं मी फ्रेंच शिकवलं. मग नितीनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, लंडनला बदली झाली आणि मी हॅरोच्या एका शाळेत टीचिंग असिस्टंट झाले. थोडक्यात, पेन्सिली गोळा करणारी बाई. या सप्टेंबरला तिथली फ्रेंचच्या शिक्षिकेची जागा रिकामी होणार होती. हेडटीचर म्हणाल्या, फ्रान्सच्या युनिव्हर्सिटीचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र आण, तुझा विचार नक्की करू. वय त्रेचाळीस. अशी जागा पुन्हा निघेल, हे मला कुणी सांगू नये.

प्रवास सोपा आहे. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने थेट किंग्ज क्रॉस, पलीकडे सेंट पँक्रास, तिथून पॅरिसची गाडी. पासपोर्ट तपासणारे फ्रेंच पोलीस तिथेच बसतात, तेव्हा हातात दीड तास ठेवा. पॅरिसला उतरून चार नंबरची मेट्रो धरायची, मोंपार्नासहून वेगवान गाडी, आणि सव्वा तासात तूर. हो, गावाचं नाव तूर. आल्या दिवशी डाळीवरचे सगळे विनोद करून घेतले, कारण पुढे हसायचं फारसं काही नव्हतं.

राहायला होते मादाम ओडील यांच्या घरी. सत्तरीच्या, एकट्या, पाठीचा कणा काठीसारखा ताठ. रोज संध्याकाळी शेजारचे एक म्हातारे गृहस्थ जेवायला यायचे आणि दोघं भांडायची. मधोमध काडी घातलेलं बकरीच्या दुधाचं चीज सालासकट खावं की सोलून, यावर एकदा पाऊण तास! मी मध्ये पडायला गेले, तर दोघं माझ्याकडेच वळली. "तुमचं काय मत?" मी म्हटलं, "दोघांचंही बरोबर आहे." मादाम ओडीलनी सुरी खाली ठेवली. "तीन आठवडे झाले, तुम्ही प्रत्येक गोष्टीला हो म्हणता. मला वाटतं मी भिंतीशी जेवते."

मला राग आला. अर्थात तोही मी दाखवला नाही.

वर्गात माझ्या शेजारी ऋचा बसायची. बावीस वर्षांची, ग्लासगोत जन्मलेली, आईवडील तिथे डॉक्टर. मला पहिल्याच दिवशी मावशी करून टाकलं. तिचं फ्रेंच म्हणजे नुसता आनंद, पण सरांनी काही म्हटलं की ही बोट वर करून सांगणार, मला हे अजिबात पटत नाही. कुणाची कार्टी आहे ही, असं मनात यायचं. सर मात्र खूश! आमच्या घरी मुलींना दोनच गोष्टी पक्क्या करून घेतल्या होत्या, पाढे आणि उलट उत्तर न देणं. पाढे विसरले.

दुपारी युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये जेवायचं. चार युरोच्या आसपास मसूर, किसलेलं गाजर, पाव आणि दही मिळतं, शाकाहारी माणसाचं भागतं. परीक्षेआधी तिथेच ऋचाने मला बजावलं, "मावशी, ते लोक मुद्दाम अपोझ करणार. तू फक्त फाइट कर, ओके?" मला ठाऊक होतं. सरांनीही सांगितलं होतं आणि वहीत मी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

तोंडी परीक्षेला विषय निघाला: चाळिशीनंतर नवा पेशा सुरू करावा का? देवच पावला म्हणायचा. दहा मिनिटं मी अशी बोलले की समोरच्या बाईंनी लिहिणं थांबवलं. मग त्यांच्या शेजारचे पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक पुढे झुकले. "पण मादाम, तरुण माणूस त्याच जागेवर तीस वर्षं काम करील. ती जागा चाळिशीच्या माणसावर का खर्च करायची?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं, आणि शपथेवर सांगते, चांगलं होतं. पण पांढरी दाढी, प्राध्यापक, माझ्या वडिलांच्या वयाचे. माझी मान डोलली. "आपलं बरोबर आहे, सर."

बाईंना दया आली. "म्हणजे तुम्ही तुमचं म्हणणं मागे घेता?"

"सरांचा अनुभव जास्त आहे."

वादाला दिलेल्या पंधरा मिनिटांतली तेरा शिल्लक होती. ती आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघत काढली.

तोंडीत नापास म्हणजे सगळ्यात नापास, असा तिथला नियम. लेखीत मी वर्गात पहिली होते, ते बोर्डावर वाचलं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. ऋचा पास झाली. मला मिठी मारून म्हणाली, "तुझा फ्रेंच माझ्यापेक्षा किती बेटर आहे, मावशी! का नाही बोलली तू?" मी तिचं अभिनंदन केलं. मनातून तिला ढकलून द्यावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर नितीन म्हणाला, "जाऊ दे गं, फ्रान्स तरी बघून झालं." त्याला वाईट बोलायचं नव्हतं, तरी मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. तुम्ही जरूर जा. गाव सुंदर आहे, नदीकाठी सायकली मिळतात, शिकवतातही उत्तम. व्याकरण घरी शिका. तिथे जाऊन भांडायला शिका, आणि ते पहिल्या आठवड्यातच.

ऑगस्टच्या शेवटी हेडटीचरांचा फोन आला. चोवीस वर्षांची एक मुलगी घेतली होती. "ती पुष्कळ वर्षं राहील, मुलांच्या दृष्टीने तेच बरं. यू डू सी, डोंट यू?"

"ऑफ कोर्स," मी म्हटलं, "यू आर राइट."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून त्यांच्याशी भांडले. फ्रेंचमध्ये, पूर्ण तेरा मिनिटं, एकही चूक न करता.