बुटकी काळविटं

माझ्या बीटमध्ये एक बेट आहे, हे मला हजर झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं.

वनरक्षकाकडं जंगलाचा जो तुकडा राखायला असतो, त्याला आम्ही बीट म्हणतो. कंधार तालुक्यातली ही माझी पहिलीच नेमणूक. माझ्या तुकड्यात जंगल म्हणावं असं फार काही नव्हतं. मुरमाड माळ, वेडी बाभूळ आणि एका अंगाला धरणाचं पाणी. त्या पाण्याच्या मधोमध एक टेकडी डोकं वर काढून उभी. धरण भरलं तेव्हा खालची शेतं बुडाली, टेकडी तेवढी राहिली. वनपालसाहेबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं काळविटं आहेत. बुद्ध पौर्णिमेला मोजून आणा."

बुद्ध पौर्णिमेला आमचं खातं सगळीकडंच प्राणी मोजतं. आमच्या घरी मात्र तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. सकाळी विहार, पांढरे कपडे, दुपारी खीर. आई फोनवर चिडली. "त्याच दिवशी कामून? जनावरं काय दुसऱ्या दिवशी कमी व्हतेत का?"

मी पांढऱ्या साडीऐवजी खाकी घातली आणि उजाडताच धरणावर गेले. बेटावर नेणारे मामा तिथले मासेमार. त्यांची होडी म्हणजे थर्मोकोलवर बांधलेल्या चार फळ्या. मी म्हणाले, "मामा, मला पोहता येत न्हाई."

"मला येतंय की," मामा म्हणाले. "बसा."

बेटावर उतरलो आणि मी तशीच उभी राहिले. समोर वीसेक पावलांवर हरणांचा कळप, आणि एकही पळालं नाही. एका मादीनं मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. माझ्या प्रशिक्षणात शिकवलं होतं की काळवीट माणसाचा वास आला की उधळतं. हे कळपच्या कळप मात्र आम्हाला बघून राहिले होते, एसटीची वाट बघणारे लोक बघतात तसे.

मी मोजली. मामांनी मोजली. माझी छप्पन्न भरली, मामांची एकाहत्तर. पुन्हा मोजली तर आमचे आकडे अदलाबदल झाले. पण मला खटकली ती दुसरीच गोष्ट. सगळीच हरणं लहान वाटत होती. मी नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहिलं, 'बहुतेक पिल्ले.'

साहेबांनी वही वाचली, चष्मा काढला. "सगळी पिल्लं? मग यांच्या आया कुठं गेल्या? मुरुडच्या बाजाराला?"

सगळं ऑफिस हसलं. मीसुद्धा हसले, पण घरी येऊन झोप लागेना. परत जाऊन मामांना विचारलं तर ते म्हणाले, "तात्याला इचारा. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी लई हरणं मारलीत त्यानं."

तात्या काठावरच्या गावात राहायचे. ऐंशीच्या पुढचं वय, पाठ मात्र सरळ. मला खाकीत दारात बघून बसल्या जागीच म्हणाले, "जे केलं ते कायद्याच्या आधी केलं, माय. बंदूक जमा केली, शिंगं बी जमा केली. आता घरात फकस्त म्हातारी हाय."

आतून म्हातारीचा आवाज आला, "मला बी जमा करायला निघाला व्हता. घेतलं न्हाई कुणी."

चहा झाला, तात्यांची भीती गेली आणि ते बोलायला लागले. धरणाचं पाणी चढत होतं तेव्हा हरणं कोरड्या जागेसाठी टेकडीवर सरकली. पाणी वाढत गेलं, हरणं वर वर गेली. "आमी काठावर हुबं राहून बघून राहिलो. वाटलं, पोहून येतील. आली न्हाईत. लांडगे पयलंच निघून गेले व्हते. तवा सगळे म्हणले, हरणांचं बरं झालं. आता त्यांला कोण खाणार?"

मी छप्पन्न पिल्लांची गोष्ट सांगितली. तात्या हसले नाहीत. "उद्या येतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामांच्या फळ्यांवर आम्ही तिघं. बेटावर तात्या आधी हरणांकडं गेलेच नाहीत. एका झुडपापाशी थांबले आणि मला म्हणाले, "याचा पाला कुठवर खाल्लाय, बग." माझ्या कमरेपर्यंत झुडूप ओरबाडलेलं होतं, वर हिरवंगार. दुसरं झुडूप, तिसरं, सगळीकडं तीच रेघ, कुणीतरी कात्रीनं कापल्यासारखी. "माळावरलं काळवीट याच्या वर हात-दीड हात तोंड नेतंय. इथं वर पाला असून उपाशी हायती. पोचत न्हाईत."

खाली गवत तर नव्हतंच. खरवडून खाल्लेली जमीन आणि लेंड्या.

मग त्यांनी काठीनं बाभळीखालची कवटी उलटी केली. शिंगं शाबूत होती. "पीळ मोज."

मी बोटानं मोजले. तीन पुरे, चौथा सुरू झालेला.

"एवढे पीळ पोराला येत न्हाईत. हा बाप हाय. म्हातारा व्हऊन मेलाय." तात्या खाली बसले, गुडघे धरून. "खाणारी तोंडं वाढत गेली, टेकडी तेवढीच. मारणारं कुणी न्हाई, बाहेर जायला वाट न्हाई. आईलाच पुरंना, तर पोटातलं पिल्लू केवढं व्हणार? त्याचं पिल्लू त्याच्याहून बारीक."

आम्ही ती कवटी पंचनामा करून ऑफिसात आणली. वस्तुभांडारात तात्यांनी जमा केलेली शिंगं अजून होती, धुळीत, बुडाशी चिठ्ठी बांधलेली. मी शिंप्याची टेप आणली होती. पीळ दोन्हीकडं सारखे, आणि बेटावरचं शिंग चांगलं एक वीतभर आखूड. साहेबांनी स्वतः पुन्हा मोजलं. मग माझी वही मागून घेतली आणि 'पिल्ले' खोडून त्यावर 'प्रौढ' लिहिलं. त्यांच्यापरीनं ती माफीच होती.

तात्या आपल्या जुन्या शिंगांवरून हात फिरवत होते. "हात लावू नका" असं साहेब म्हणणार होते, पण थांबले. तात्या म्हणाले, "याच्या मागं मी तीन दिस हिंडलो. दोनदा वाऱ्यानं दगा दिला. मारल्यावर आनंद बी झाला आन् जेवण बी गेलं न्हाई." मी टेप गुंडाळत राहिले.

त्या वर्षी पाऊस फार कमी झाला. हिवाळ्यातच पाणी कधी नव्हे एवढं उतरलं आणि बेट नि काठ यांच्यामध्ये एका बाजूला गुडघाभरच पाणी उरलं. धाडसी हरणं ते ओलांडून हरभऱ्यात यायला लागली. काठावरच्या एका शेतकऱ्याचा हरभरा घाट्यावर आला होता, म्हणजे त्याला दाण्यांच्या शेंगा धरल्या होत्या. त्यानं मला अर्जच दिला. 'बेटावरील हरणे मारण्याची परवानगी मिळावी. बंदूक माझी स्वतःची आहे.'

मी समजावलं, "काका, रानडुकराचं, रोही-नीलगायीचं वेगळं. त्याला अर्ज करता येतो. काळविटाला हात लावला तर सरळ जेल."

"मग माझं रान खाल्लं तर चालतंय का?"

"न्हाई चालत. पंचनामा करते. पण आधी एकदा बेटावर चला."

तो आला, चेहरा फुगवूनच. तात्याही आले. उतरल्यावर काकांनी गळ्यातली पिशवी खाली ठेवली आणि एक काळं नर काळवीट, शिंगंबिंगं असलेलं, डुलत आलं आणि पिशवीला नाक लावलं. काका बघतच राहिले. त्यांच्या मांडीएवढं जनावर.

"घ्या, लावा नेम," तात्या म्हणाले. "हलत बी न्हाई."

काका हसायला लागले. हसता हसता खाली बसले. "याला बंदूक कशाला तात्या? पिशवीत घालून नेता येईल की!"

"म्हणून म्हणतो, हितं शिकार व्हत न्हाई. जे पळत न्हाई त्याला मारण्यात काय हाय? याला पळायचं कुणी शिकवलंच न्हाई."

परतताना काकांनी अर्ज मागितला, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. पाण्यात टाकायला निघाले होते, मीच अडवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी गावातल्या बायकांकडून जुन्या साड्या गोळा केल्या आणि रानाच्या कडेनं कुंपण घातलं. जांभळ्या, पिवळ्या, हिरव्या, एक तर जरीची. वारा सुटला की सगळं फडफडायचं आणि हरणं बिचकून मागं फिरायची. तात्यांच्या म्हातारीनं आपली लाल साडी तिथं ओळखली आणि नवऱ्याला तिथंच विचारलं की ही कुणाला इचारून दिली. तात्या मला म्हणाले, "चल माय, बेटावर जाऊ."

त्यानंतरचा उन्हाळा फार कडक. पाणी इतकं आटलं की बेटाकडं जाणारी चिखलाची पट्टी उघडी पडली. एका सकाळी मी गस्तीला गेले तर चिखलात ठसे. मला कुत्रा वाटला. फोन करून तात्यांना बोलावलं. ते काठीवर रेलून वाकले, मागं गेले, पुढं गेले.

"कुत्रा इकडं तिकडं भटकत जातो. हे बग, एका रेघंत चाललाय. कामावर निघालेल्या माणसावाणी." मग आवाज चढला. "आलाय गं माय, लांडगा आलाय! दोघं हायती!"

जळकोटहून जावई यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी मात्र घाबरले. साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "गावात बोंब करू नका." पण आठवडाभरात गावाला कळलंच. काकांनी शेळ्या रात्री गोठ्यात बंद करायला सुरुवात केली आणि लांडगा शेळ्यांकडं फिरकलाही नाही. बेटावर त्याला काय कमी होतं?

पहिलं मारलेलं हरीण मला सापडलं तेव्हा मी त्याच्यापाशी खाली बसले. एवढंसं ते. ज्याला कधी कुणाची भीती माहीत नव्हती, ते उभ्या जागी गेलं असणार. मी तात्यांना म्हणाले, "आपण चिखल खणून वाट बंद करू." ते म्हणाले, "चार दिस थांब."

मी थांबले, कारण दुसरं काही करण्याचा अधिकार मला नव्हताच. चार दिवसांत नाही, पण पंधरा दिवसांत फरक पडला. हरणं माना वर करून चरायला लागली. आमची चाहूल लागली की कान टवकारायची. आणि एका दुपारी, मी बघत असताना, एक मोठा कळप चिखलाच्या पट्टीवरून धावत निघाला आणि पलीकडच्या माळावर गेला. मामा काठावर जाळं विणत होते. ते ओरडले, "ओ मॅडम, मोजा, मोजा!" मला कसलं मोजता येतंय. धूळच धूळ.

पावसाळ्यात पट्टी पुन्हा बुडाली. लांडगे निघून गेले होते. बेटावर राहिलेली हरणं थोडी, आणि त्या वर्षी मी पहिल्यांदा तिथं गुडघाभर गवत बघितलं. आणखी दोन उन्हाळे असंच झालं, वाट उघडायची, काही जायची, काही मारली जायची. साहेबांनी मला खुरांचे ठसे मोजायला लावलं. मी पट्टी घेऊन चिखलात उकिडवी बसायचे आणि मामा तराफ्यावरून माझी चेष्टा करायचे, "मॅडम, त्यांला चपला शिवायच्यात का?" तिसऱ्या वर्षी नव्या नरांचे ठसे जुन्यांपेक्षा स्पष्ट मोठे आले. साहेबांनी वही बघितली आणि चहा मागवला. माझ्या पैशानं नाही, त्यांच्या.

यंदा जानेवारीत तात्यांना बेटावर न्यायचं ठरलं. त्यांचे गुडघे आता चालू देत नाहीत. काका आणि मामांनी दोन्हीकडून धरून त्यांना तराफ्यावर बसवलं, उतरवलं. आम्ही बाभळीआड थांबलो. वारा आमच्याकडून हरणांकडं गेला असावा. समोरच्या उतारावर एक नर उठला, काळाभोर, आणि एका उडीत झुडूप ओलांडून गेला.

मी म्हणाले, "तात्या, बंदूक असती तर?"

"न्हाई गं. डोळ्यानं दिसत बी न्हाई आता. नुसता आवाज आला." त्यांनी माझा हात धरला. "सांग की, कुठं गेला?"

मी सांगत राहिले. वर चाललाय, तात्या. मान मागं टाकलीय, शिंगं पाठीला लागल्यात. पोट पांढरं चमकतंय. आता गवतात शिरला. आता टेकडीच्या माथ्यावर उभा हाय, आपल्याकडं बघून राहिलाय.

"लई मोठा हाय का?"

"लई मोठा हाय," मी म्हणाले.