तिसऱ्या चाकाच्या तारा

पुंजाराम मिस्त्रीचं उभं आयुष्य पत्रा ठोकण्यात गेलं. पाथर्डीकडून नगरला आला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. पुणे रोडच्या एका गॅरेजात डेंटिंगला लागला. हात चुकला की उस्ताद लाकडी हातोडा पाठीत घालायचा. करंजी घाटातून ओढून आणलेल्या गाड्या यायच्या. आधी सीटवरचं रक्त धुवायचं, मग पत्रा सरळ करायचा. काम असं होतं.

काम सुटल्यावर केडगावच्या घरामागं, शेडमध्ये, त्यानं एक मोटार घडवायला घेतली. हातभर लांब. गॅरेजात पहिल्या वर्षी पाहिलेल्या एका डॉक्टरच्या उघड्या मोटारीची नक्कल. बटबटीत दिवे, तारांची चाकं. बाजारातलं तयार काही लावायचं नाही, हा नेम. सागाचा साचा, त्यावर पितळी पत्रा. मडगार्डचा बाक वाळूच्या पिशवीवर ठोकून काढायचा. पत्रा ताठला की लाल तापवून मऊ करायचा, परत ठोकायचा. फाटला तर फेकायचा. फेकलेल्या मडगार्डांनी डबा भरला, तेव्हा कुठं चार मनासारखे झाले.

चाकं मात्र दिशाची. लेकीची बोटं बारीक. रिंगच्या भोकांतून केसासारखी तार ओवायची, ताणून धरायची, कथलाचा डाग देऊन जोडायची. एक तार सैल राहिली तरी चाक लंगडतं. पुढची दोन तिनं लग्नाआधी करून दिली होती. दिवाळीला माहेरी आली तसं त्यानं तिसरं हातात ठेवलं.

तिनं केलं. पुंजारामनं फिरवून पाहिलं. लंगडत होतं.

"ही तार सैल हाय. हीबी. सासरी जाऊन हात इसरली का?"

"परत करते, आबा."

परत सैल. त्यानं तिचा उजवा हात ओढून उजेडात धरला. अंगठ्याशेजारचं बोट वाकतच नव्हतं. हाड वाकडं जुळलं होतं.

"दारात सापडलं," दिशा म्हणाली.

"दारात सापडलं तर चेंगरतं. हे उलटं मोडलंय. कुनी मोडलं?"

तिनं हात सोडवून घेतला. म्हणाली, "ह्यांनी मोबाईल मागितला. मी देत नव्हते. बोट धरलं आन् मागं दाबलं."

दिशाची आई झुंबरबाई चहा घेऊन दारात उभी होती. "हुतं संसारात. उद्या जावईबापू न्यायला येनार हायेत. गपगुमान पाठवा."

"बोट मोडलंय तिचं."

"तुमी माझा दात पाडला, तवा मी कुठं गेल्ते?"

पुंजारामनं तिच्या हातातला चहा घेऊन टेबलावर ठेवला. "तू जायला पायजे हुतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हर्षल नव्या गाडीतून आला. दिशासाठी पुढचं दार उघडून ठेवूनच शेडमध्ये शिरला.

"चल, बस."

"मी येत नाही."

हर्षल हसला. टेबलावरची मोटार उचलून म्हणाला, "मामा, म्हातारपणी खेळणी करा. माझ्या संसाराशी खेळू नका. सांगा तिला."

"ती न्हाई म्हनली. मोटार खाली ठेवा."

त्यानं ती फरशीवर आपटली. मडगार्ड तुटून उडाले. मग दिशाचे केस धरून ओढू लागला. पुंजारामनं लाकडी हातोडा उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. केस सुटले. हर्षलनं दुसऱ्या हातानं म्हाताऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. पुंजारामचं डोकं टेबलाच्या कडेवर आदळलं. तोंड रक्तानं भरलं.

दिशानं लोखंडी हातोडी घेतली आणि बाहेर पळाली. डाव्या हातानं बॉनेटवर घाव घालू लागली.

"ए, नवी गाडी आहे!" हर्षल मनगट छातीशी धरून ओरडला.

पुंजाराम शेडच्या दाराला धरून उभा राहिला. रक्त थुंकला. "बॉनेटवर काय मारती? ते मी तासात काढून देईन. दार उघडंच हाय. दाराची कडी अडकती त्या गाडीच्या खांबावर मार. जोर लाव."

तिनं जोर लावला. हर्षल आडवा आला, तेव्हा हातोडी त्याच्यापुढं धरली. तो सरकला. ती परत खांबाकडं वळली.

शेवटी हर्षल तसाच गाडीत बसला. हात लांबवून पलीकडचं दार ओढलं, ते उघडलं. परत ओढलं, परत उघडलं. गल्लीभर ते फडफडत गेलं.

झुंबरबाई रस्त्यात जाऊन उभी राहिली. पडलेल्या दाताची फट दिसेस्तोवर तोंड उघडून ओरडली, "दार धरून बसा, जावईबापू! वारं लागंल!"

मग आत गेली. सकाळी आपणच भरलेली लेकीची बॅग रिकामी करायला बसली.