विलायती सीटला पाजलेलं तेल

राग वयाबरोबर निवळतो म्हणतात. माझा नाही निवळला. त्या माणसाचा नुसता विषय निघाला तरी माझी कानशिलं तापतात.

आम्ही खारदांड्याचे कोळी. मी मात्र ऐंशीच्या दशकात अंधेरीला एका गाळ्यात गाड्यांच्या सीटा शिवायचो, कारण होडीत चढलो की मला ओकाऱ्या व्हायच्या आणि अख्खा दांडा पोट धरून हसायचा. आई मासे विकायची. सांताक्रूझला एका सोसायटीच्या फाटकाबाहेर तिची ठरलेली जागा होती. आजूबाजूच्या बाया तिची वाट बघायच्या. मग त्या सोसायटीत नवा सेक्रेटरी आला. त्याला म्हणे वास यायचा. वॉचमनकडून निरोपावर निरोप आले, आई काही हलली नाही. रस्ता काय त्याच्या बापाचा होता? शेवटी एका सकाळी तो गॅलरीत उभा राहून बघत होता आणि वॉचमनने तिच्या भरल्या पाटीत फिनाईल ओतलं.

मी जाब विचारायला गेलो. सेक्रेटरी पेपर वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "वास येतो. तुम्हाला नाही कळायचं, तुमच्या अंगातच मुरलाय तो."

मासे गेले ते आईने सोसलं असतं. पण हे वाक्य मी रागारागात घरी येऊन जसंच्या तसं ओकलो आणि ती स्वतःचे हात हुंगायला लागली. साबण लावायची, हुंगायची, परत लावायची. लिंबू चोळून झालं, राख चोळून झाली, कातडी सोलवटली. पाटी उपडी घातली ती घातलीच. बंदरावरच्या लिलावात भल्याभल्यांची बोलती बंद करणारी बाई, बसमध्ये जागा असली तरी कुणाच्या शेजारी बसेना. दांडा धरून उभी राहायची. मला बघवायचं नाही. ही परत पाटी उचलणार की नाही, दुसरं काही माझ्या डोक्यात नसायचं.

आणि एक दिवस तोच माणूस माझ्या गाळ्यात हजर. देव कधी कधी असा पावतो! गाडी जुनी, विलायती, सासऱ्याकडून आलेली, आणि तिच्यावर त्याचा भारी जीव. सीटा अस्सल चामड्याच्या. उन्हाने तडकलेल्या, ड्रायव्हरच्या बाजूची शिवण उसवून आतला काथ्या बाहेर लोंबत होता. मला त्याने ओळखलं नाही. ओळखणार कसा, माझं थोबाड बघितलं होतं कुठे त्याने? खरं चामडं आहे, रेग्झीन लावून फसवू नकोस, हे मात्र बजावून बजावून सांगितलं. मी म्हटलं, साहेब, निर्धास्त जा, घरचं समजून करतो.

आणि केलंच. इतकं सुबक काम मी माझ्या पोटच्या पोरासाठीही केलं नसतं. खोळी उतरवल्या, ओल्या फडक्याने वर्षानुवर्षांचा मळ काढला, फाटलं होतं तिथे आतून चामड्याचा तुकडा चिकटवला आणि जुन्याच भोकांतून टाके घातले. सुकलेलं चामडं मऊ करायचं तर त्याला तेल पाजावं लागतं. बाकीचे एरंडेल वापरायचे. मी घरून डबा आणला, मुशीच्या तेलाचा. मुशी म्हणजे छोटा शार्क. त्याच्या कलेजीचं तेल आम्ही होडीला चोपडतो, लाकूड टिकावं म्हणून. ज्याने ते एकदा हुंगलं तो जन्मात विसरत नाही. चामड्याला आतल्या अंगाने पाजलं, काथ्याला पाजलं, काथ्याखालच्या गोणपाटालाही सोडलं नाही. वरून रंग आणि पॉलिश. त्या ताज्या रंगाच्या वासात बाकी काही कळेना. साहेबांनी सीटवरून हात फिरवला आणि झकास म्हणाले.

ते तेल सावलीत जरा दबून असतं. गाडी उन्हात उभी राहिली की उठतं.

परत आला तेव्हा गाडीच्या चारही काचा खाली होत्या. मी सीट हुंगली, भुवया चढवल्या, म्हटलं रंगाचा असेल, जाईल. जातोय कसला! पुढच्या खेपेला गाडीत अत्तर शिंपडून आला. मुशी आणि मोगरा, काय सांगू तुम्हाला. त्यानंतर आला तो रडकुंडीला येऊनच. ऑफिसात माणसं लांब सरकतात, बायको गाडीत पाय ठेवत नाही, आंघोळ करून निघालो तरी पोचेपर्यंत परत तेच. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. दया? अजिबात नाही आली.

त्या दिवशी आई गाळ्यात होती. घरात हात चोळत बसण्यापेक्षा इथे जुन्या खोळींचे टाके उसवत बस, म्हणून मीच तिला घेऊन यायचो. तेलाचं मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिने त्याला बघताक्षणी ओळखलं, हातातली कात्री थांबली. त्याने तिला कधी गॅलरीतून पाहिलं असेल तेवढंच. तो सरळ तिच्यापाशी गेला आणि शर्टाची बाही पुढे केली.

"मावशी, तुम्ही तरी खरं सांगा. माझ्या अंगाला वास येतो का?"

आईने बाही हातात धरली. सावकाश हुंगली.

"येतो," ती म्हणाली. "साबणाने जात नाही. मी करून बघितलंय."

तो तिच्या सोलवटलेल्या हातांकडे बघत राहिला. ओळख पटली की नाही देव जाणे, पण चेहरा पार उतरला. गाडीत बसला आणि गेला.

आईने कात्री बाजूला ठेवली. उद्या पहाटे बंदरावर ये, म्हणाली, भरलेली पाटी डोक्यावर चढवायला हात लागेल. मी विचारलं, बसणार कुठे?

"कुठे म्हणजे? फाटकाशी." मग म्हणाली, "ते तेल उरलंय का रे?"

मी म्हटलं, उरलंय अर्धा डबा.

"टाकू नकोस."