आधी अध्यक्ष, मग डॉक्टरांचा नंबर

झेंडूच्या ताज्या हाराचा वास आला की मला संगमनेरजवळच्या एका दूध संघाचं ऑफिस आठवतं, कारण तिथे रोज कुणी ना कुणी अध्यक्षांना हार घालत असे आणि त्याचा प्रत्येक फोटो मी केलेल्या संघाच्या वेबसाइटवर चढत असे. त्या सगळ्या फोटोंच्या खाली गुरांच्या डॉक्टरांचा नंबर होता. एकदा दूध घालणाऱ्या एक बाई मला म्हणाल्या, "भाऊ, गाय अडली हुती. नंबर बघाया गेले, तर मोबाईलवर साहेबांचे हारच उतरत्यात. नंबर काय दिसला न्हाई, आन् गाय गेली." मी त्याच दिवशी नंबर वर घेतला आणि लेझी लोडिंग लावलं, म्हणजे बोटाने पान सरकवत फोटोपाशी पोचल्यावरच तो फोटो उतरेल. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पान उघडलं. नंबर लगेच आला, त्यांच्या जागी मात्र करडी चौकट दिसली. सभेला दोन-दोन तास उशिरा येणाऱ्या माणसाला इथे दोन सेकंद लागले. "मी मागून येतो व्हय?" त्यांनी विचारलं. सेक्रेटरी माझ्यावर उखडले, "साहेबांच्या आधी स्टेजवर कुणी बसतं का? काढा ते!" मी नकार दिला, तेव्हा सेक्रेटरींच्या पुतण्याने सगळं पूर्ववत केलं. बाईंनी माझ्याकडून नंबर घेऊन गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिला. परवा तिकडे गेलो, तर त्यांची दुसरी गाय अडून पडली होती आणि भिंतीवरचा नंबर बंद लागत होता. डॉक्टर बदलले होते. नवा नंबर वेबसाइटवर टाकलाय, असं संघाचं म्हणणं. मी घाईने मोबाईलवर पान उघडलं. साहेब उतरत होते.