घाटाखालचे रिकामे रस्ते

किस्से गोळा करायला कोणी घराबाहेर पडत नाही. आम्हीही रस्ता शोधायलाच निघालो होतो. पण चार माणसं दर रविवारी उजाडता उजाडता सायकली काढून अनोळखी वाटेला लागली, की वाट सापडो न सापडो, काहीतरी घडतंच. आता माझ्या दुकानात औषधाला आलेली माणसं चिठ्ठी पुढे करायच्या आधी विचारतात, "काय मंग, या रविवारी कुठी अटकले?"

माझं बुलढाण्यात मेडिकल आहे. बाकीचे तिघं म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स वंदनाताई गवई, सोफे बनवणारे सलीमभाई आणि चित्रकलेचे रिटायर्ड मास्तर इंगळे सर.

*

सुरुवात ताईंच्या अपघातानं झाली. तेव्हा आम्ही राजूर घाटातून मेन रोडनंच जायचो. एका वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या ट्रकनं ताईंना कडेला ढकललं. जीव वाचला, पण खांद्याचं हाड मोडलं.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांचे मिस्टर दिलीपभाऊ फार रागात होते. "बस झालं आता. ती सायकल देऊन टाकतो मी कोणाले."

ताई डाव्या हातानं चमचा धरून वरण-भात खात होत्या. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायलं. मग शांतपणे म्हणाल्या, "सायकल राहू द्या. मी ट्रकचा रस्ता सोडते."

"अन् बिगर ट्रकचा रस्ता हाये कुठी?"

सलीमभाई म्हणाले, "नसन मालूम त शोधू ना भाऊ. त्यात काय."

त्या दिवसापासून आम्ही घाटाखालच्या नळगंगा नदीच्या खोऱ्यामागे लागलो.

*

ताईंचं हाड जुळल्यावर निघालो, तर पहिल्याच रविवारी फसलो. सलीमभाईंच्या मोबाइलवर एक बारीक पांढरी रेघ दिसत होती. दोन टेकड्यांच्या मधून, नदीला धरून, सरळ खाली. नकाशा सांगत होता, जा. आम्ही गेलो. डांबर संपलं, मग खडी संपली, मग नुसती माती. शेवटी आम्ही चौघं सायकली हातात धरून एका माणसाच्या कपाशीत उभे होतो.

तो बांधावरून आला. "काऊन हो, काय पायजे?"

सलीमभाईंनी मोबाइल पुढे केला. "इथून रस्ता दाखवते यात."

त्यानं स्क्रीनकडे नीट पाहिलं, मग आपल्या कपाशीकडे पाहिलं. "मोबाइलमधी असन. माह्या वावरात नाही."

पण त्यानंच आम्हाला माठातलं पाणी पाजलं आणि पांदणीनं, म्हणजे वावरांमधल्या गाडीवाटेनं, पलीकडच्या गावापर्यंत सोबत चालत आला. त्या गावातून नदीकाठी जाणारी एक अरुंद डांबरी सडक निघाली. तिच्यावरून ट्रक जाऊच शकत नव्हता, कारण मधल्या पुलावरून बैलगाडीच कशीबशी जात होती. ताई त्या पुलावर बराच वेळ उभ्या राहिल्या. अपघातानंतर त्या दिवशी पहिल्यांदा त्या आमच्यापुढे गेल्या.

*

या रस्त्यांवर ट्रॅफिक नाही, असं मी दुकानात छातीठोकपणे सांगत असे. एकदा एका उतारावर बकऱ्यांनी अख्खा रस्ता भरला. इंगळे सरांनी सवयीनं घंटी वाजवली. बकऱ्या आणखी जवळ आल्या.

मागून येणाऱ्या धनगरबाबांनी हात वर केला. "घंटी नोका वाजवू गुरुजी. त्यायले वाटते खायाले भेटते."

शेवटची बकरी जाईपर्यंत सर घंटी हातानं झाकून उभे होते.

*

इंगळे सरांचा खरा किस्सा चढाचा आहे. नदी ओलांडली की एक चढ लागतो, बाभळींच्या रांगेतून उभाच्या उभा वर जाणारा. सर तिथे दर वेळी उतरायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, "मी जरा खोऱ्याचा व्ह्यू पाहून राह्यलो."

पण आमच्या लक्षात आलं होतं. मागच्या रविवारी ज्या बाभळीपाशी उतरले, या रविवारी तिच्या पुढच्या बाभळीपाशी उतरायचे. हिवाळा असा गेला. पायात गोळे यायचे, माझ्याकडून मलम न्यायचे, पण एक बाभूळ मागे यायचे नाहीत.

एक दिवस आम्ही तिघं पुढे जाऊन वरच्या टपरीवर चहा घेत होतो. सर आले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणाले, "चढलो. पाय टेकवला नाही."

सलीमभाई गमतीनं म्हणाले, "कोणी पाह्यलं?"

सरांनी सायकल वळवली आणि परत खाली गेले. मी हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही. आम्ही तिघं कप हातात घेऊन कठड्यापाशी उभे राहिलो. सर एकेक बाभूळ मागे टाकत, सायकल नागमोडी हलवत, तोंड उघडं टाकून वर आले. पाय टेकवला नाही.

सलीमभाईंनी पुढे होऊन त्यांची सायकल धरली. त्यानंतर त्यांनी सरांची गंमत केली नाही.

*

सलीमभाईंना घाटाखालच्या रोहिणखेडच्या जुन्या मशिदीत सायकलनं जायचं होतं. त्यांचे आजोबा तिकडून बैलगाडीनं घाटावर राहायला आले होते. मोटारीनं भाई कितीदा जाऊन आले, पण आपल्या पायानं जायचं हे मनात होतं.

पावसाळ्यात निघालो तर वाटेतल्या फरशी पुलावरून पाणी. सलीमभाईंनी पायजमा वर खोचला आणि सायकल खांद्यावर घेतली. ताई आडव्या आल्या. "भाई, पाणी उतरल्याशिवाय कोणी जाणार नाही."

"गुडघाभरच हाये ताई."

"गुडघाभर पाण्यातून आणलेले पेशंट पाहिलेत मी."

भाईंनी सायकल खाली ठेवली. परत आलो. पुढच्या वेळीही पाणी, पुन्हा परत. पाऊस ओसरल्यावर मात्र पोचलो. भाईंनी नमाज पढली, आम्ही बाहेर सावलीत बसलो. मशिदीच्या जुन्या दगडावर ऊन आलं होतं, ते सर कागदावर उतरवत होते.

तेवढ्यात शेजारच्या घरातले एक चाचा आले. "बुलढाण्यावरून सायकलनं? गाडी खराब झाली का?"

नाही म्हणून सांगितलं. चाचांना पटलं नाही. एवढी शिकली-सवरलेली माणसं, त्यात एक बाईमाणूस, घाट चढून सायकलनं जाणार, हे त्यांना बघवेना. त्यांनी पुतण्याला फोन करून पिकअप बोलावली, सायकली चढवायलाही लावल्या. आम्हा पाहुण्यांना नाही म्हणता येईना.

पिकअप अर्थातच मेन रोडनं, राजूर घाटातून निघाली. मागे सायकलींबरोबर ताई आणि मी होतो. ते वळण आलं. समोरून ट्रक आला, मागून हॉर्न. ताईंनी माझा हात घट्ट धरला, पण डोळे मिटले नाहीत. वळण गेल्यावर म्हणाल्या, "एवढंच होतं."

बुलढाण्यात उतरल्यावर सलीमभाई म्हणाले, "दुआ मांगाले गेलो, अन् दया घेऊन आलो."

*

नदीकाठच्या एका खेड्यात शेवंतामावशी भेटायच्या. साठीच्या असतील. डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन लांबच्या वावरात चालत निघालेल्या. दर रविवारी त्या ताईंना थांबवून काहीतरी विचारायच्या. पडलं तर लय लागते का, लुगडं अटकत नाही का. एका रविवारी त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. "मले शिकवता का?"

पारावरची माणसं हसली. सून दारातून म्हणाली, "आता हाडं मोडून घ्या."

"माही हाडं हायेत," मावशी म्हणाल्या.

ताईंनी शिकवायला घेतलं. गावाबाहेरच्या मोकळ्या सडकेवर ताई सीट धरून मागे पळायच्या. पल्ला संपला की मावशींना उतरवून सायकल फिरवून द्यायच्या, की परत गावाकडे. मावशी पडल्या, गुडघे फुटले. मी पट्टी बांधायचो, त्या लुगडं खोचून पुन्हा चढायच्या.

एका रविवारी ताईंनी सीट सोडली आणि मावशींना ते कळलंच नाही. त्या पल्ल्याच्या शेवटापर्यंत गेल्या आणि पुढेही गेल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्या नदीकडच्या वळणाआड दिसेनाशा झाल्या. टाळ्या थांबल्या.

बराच वेळ कोणी आलं नाही. सून रडायला लागली. सलीमभाई आणि मी त्याच सडकेनं शोधत लांबवर गेलो, नदीच्या कडेला उतरून पाहिलं, हाका मारल्या. काहीच नाही. परत आलो तर ताई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पारावरची माणसं आता हसत नव्हती.

तेवढ्यात गावाला वळसा घालून दुसऱ्या अंगानं, बुद्धविहाराच्या बाजूनं, मावशी आल्या. सायकलवर बसून. पदर सुटलेला, चेहरा धुळीनं भरलेला. पाराशी आल्यावर त्यांनी दोन्ही पाय खाली टाकले आणि सायकल थांबली.

ताई धावत गेल्या. "मावशी, किती घाबरलो आम्ही. तिथूनच मागं का नाही फिरल्या?"

मावशींनी पदरानं तोंड पुसलं.

"मांगं फिरणं कुठी शिकवलं तुमी मले?"