भिंगरी मॅडम आणि पाण्याची पाळी

भिंगरी मॅडम खुर्चीत टेकलेल्या आमच्यापैकी कोणी पाहिल्या नाहीत. विज्ञान शिकवताना फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून शेवटच्या बाकापर्यंत त्यांच्या येरझारा चालायच्या आणि बघून बघून आमच्या माना दुखायच्या. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेली बाई! आमच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या बाजारातले भाजीवालेसुद्धा त्यांना भिंगरी मॅडमच म्हणत. त्याही "काय जी?" म्हणून ओ देत, तीही चालता चालताच.

प्रजननाचा धडा दहावीला असतो आणि तो शिकवायची आमच्या शाळेची पद्धत ठरलेली होती. "घरी वाचून घ्या" म्हणायचं आणि पानं उलटायची. मॅडमनी तो आम्हाला नववीतच शिकवला, अख्खा, मुलं-मुली एकत्र बसलेली असताना. दहावीत उशीर होते, म्हणाल्या. मुलं बाकाखाली डोकी घालून खिदळली आणि आम्ही मुली लाजेनं अर्धमेल्या झालो. "अडचण आली", "कावळा शिवला" एवढीच तेव्हा आमची भाषा. मॅडम म्हणाल्या, "कावळ्याले कायले बदनाम करता? पाळी म्हणा. तोंड झिजत नाई." मग प्रत्येकीकडून तो शब्द म्हणवून घेतला. पाळी चुकली तर आईला सांगा आणि आईचं भेव वाटलं तर मला सांगा, हेही बजावलं.

माझ्या बाकावरच्या रोशनीनं ते मनावर घेतलं. गणितात हुशार पोरगी, नर्स व्हायचं म्हणायची. उन्हाळी धानाच्या रोवणीचे दिवस होते. नहराला, म्हणजे कालव्याला, पाणी पाळीपाळीनं सोडत, आणि कोणाची पाळी आली, कोणाची चुकली यावरून गावोगाव भांडणं चाललेली. मॅडमचं स्वतःचं शेतही नहराच्या शेवटाला होतं. अशात रोशनीनं त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि खालच्या मानेनं म्हणाली, "मॅडम, पाळी चुकली जी."

मॅडम थांबल्या असत्या तर तिचा चेहरा दिसला असता. पण थांबतील तर त्या भिंगरी कसल्या! त्यांना वाटलं, हिच्या बापाच्या शेताला पाणी मिळालं नाही. "घाबरू नको, पुढच्या पाळीले येते," असं म्हणून त्या पुढच्या वर्गात शिरल्यासुद्धा. आणि रोशनीनं विश्वास ठेवला हो. मॅडम म्हणाल्या म्हणजे येणारच. ती वाट बघत राहिली, कोणाला काही बोलली नाही, मलाही नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा रोशनी नव्हती. तिची आई आली, व्हरांड्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "पोरीनं तुमाले सांगतलं होतं. तुमी म्हणाल्या, पुढच्या पाळीले येते. आता तिले सहावा लागला."

मॅडम भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. "मले नहराचं वाटलं," एवढंच बोलल्या.

ज्या पोरानं हे केलं, त्याचं काय ते पोलीस आणि कोर्ट बघत राहिले. बोटं मात्र रोशनीकडेच. तिला मामाकडे चिचगडला नेऊन ठेवलं. शाळेत पालकांचा मोर्चाच आला, म्हणे असलं शिकवलं म्हणूनच असलं झालं. अकलेचे कांदे! मॅडमना तो धडा शिकवायची मनाई झाली. मुख्याध्यापक रोशनीचं नाव पटावरून काटायला निघाले, बाकीच्या मुलींवर काय परिणाम होईल म्हणून. मॅडम म्हणाल्या, "परिणाम व्हायचा तो झाला. आता तिचा निकाल लागू द्या." नाव राहिलं.

मग दर रविवारी मॅडम एसटीनं देवरी आणि तिथून मिळेल त्या गाडीनं चिचगड. रोशनीची आई त्यांना पाणी द्यायची, पण शब्द बोलायची नाही. लेकरू झालं, तरी बीजगणित सुटलं नाही. एकदा मीही गेले होते. लेकराला खांद्यावर घेऊन मॅडम अंगणभर फिरत समीकरणं विचारत होत्या आणि रोशनी डोळे पुसत उत्तरं देत होती. रोशनी पास झाली, हे आत्ताच सांगून टाकते, मला धीर धरवत नाही. मॅडमची मात्र त्याच उन्हाळ्यात लांबच्या शाळेत बदली केली. भेट नाही झाली पुन्हा.

मला त्या आठवतात शेवटच्या पेपरच्या दिवशीच्या. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी मॅडम आल्या होत्या आणि रोशनीची आई नातवाला घेऊन उभी होती. आम्ही आत जायला वळलो, तेव्हा व्हरांड्यातल्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदा मॅडमशी बोलली. "लहानी सातवीत आहे. तिले सांगा तुमी. माही जीभ वळत नाई."

"मले मना केलं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तुमाले शिकवाले कोणी मना नाई केलं. तुमी शिका, मंग तुमीच सांगा तिले."

पेपर सुटल्यावर बाहेर आलो तर लिंबाच्या सावलीत मॅडम हातवारे करत फेऱ्या मारताहेत. समोर रोशनीची आई, आणि पेपराला आलेल्या इतर पोरींच्या आयाही. कोणी पदर तोंडाला लावून हसत होत्या, पण उठून कोणी जात नव्हतं. रोशनी धावत गेली आणि म्हणाली, "आई, चाल, पेपर चांगला गेला."

आईनं नातवाला तिच्या हातात दिलं आणि मॅडमवरची नजर न काढता म्हणाली, "थांब वं. माहा धडा व्हाचा आहे अजून."